मुख्याध्यापकाच्या खुर्चीआधी मागचा बाक: शैक्षणिक नेतृत्वाची तयारी कशी करावी

पर्यवेक्षक झाल्यावर मी लिहिलेला पाठनिरीक्षणाचा पहिला शेरा मला अजून पाठ आहे. ‘विषयाची तयारी चांगली. फळ्याचा वापर योग्य. विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा.’ खाली सही आणि तारीख. शिक्षकांनी तो वाचला, आपली सही केली आणि वही मिटली. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की हा शेरा मी त्या वर्गात पाऊल न ठेवताही लिहू शकलो असतो. कुठल्याही विषयाखाली, कुणाच्याही नावापुढे तो खपला असता. पस्तीस मिनिटं मागच्या बाकावर बसून मी काहीही पाहिलेलं नव्हतं.

प्रशासनाकडे वळणारे बहुतेक शिक्षक नियम, सेवाशर्ती, हिशेब आणि दप्तर यांची तयारी जोरात करतात. ती लागतेच. पण ही कामं पदावर आल्यावर माणूस झक मारत शिकतो, कारण ती अडून बसतात. पगारपत्रक वेळेवर गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी दारात गर्दी होते. पाचवीच्या वर्गात भागाकार कच्चा राहिला म्हणून मात्र कुणी दारात येत नाही. वर्ग पाहणं, त्यावर शिक्षकाशी बोलणं, चार शिक्षकांना एकत्र बसवून एखादा पाठ सुधारणं, हे सगळं हातात खडू आहे तोवरच शिकून घ्यावं लागतं.

आधी थोडं, हे कशासाठी

शैक्षणिक नेतृत्व हा शब्द भारदस्त आहे, अर्थ साधा. शाळेतलं रोजचं शिकवणं सुधारावं म्हणून स्वतः हात घालणं. १९७९ मध्ये अमेरिकेत रॉन एडमंड्स यांनी गरीब वस्त्यांमधल्या, तरीही मुलं चांगली शिकत असलेल्या शाळांबद्दल लिहिलं, तेव्हा खंबीर शैक्षणिक नेतृत्व हे त्या शाळांचं एक ठळक लक्षण म्हणून पुढे आलं. १९८०च्या दशकात फिलिप हॅलिंजर यांनी मुख्याध्यापकाच्या या कामासाठी मोजपट्टी तयार केली. तिचे तीन भाग: शाळेचं ध्येय ठरवणं, अध्यापनाची व्यवस्था पाहणं आणि शिकायला पोषक वातावरण राखणं.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. आधीच्या संशोधनांचे निष्कर्ष एकत्र करून त्यांनी पाहिलं की नेतृत्वाच्या कोणत्या कामाचा मुलांच्या शिकण्याशी किती संबंध दिसतो. आकडा जितका मोठा तितका संबंध ठळक. शाळेतली शिस्त आणि सुव्यवस्था: ०.२७. साधनं आणि मनुष्यबळाचा नेमका वापर: ०.३१. उद्दिष्टं आणि अपेक्षा ठरवणं: ०.४२. अध्यापन आणि अभ्यासक्रमाचं नियोजन व मूल्यमापन: तेवढंच, ०.४२. आणि शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं, त्यात स्वतः सामील होणं: ०.८४. शेवटचा आकडा मोजक्याच अभ्यासांवर उभा आहे, म्हणून दशांश चिन्हापुढचे अंक उराशी धरू नका. क्रम तेवढा लक्षात ठेवा. प्रशिक्षणाचं उद्घाटन करून केबिनमध्ये परतणारा मुख्याध्यापक या शेवटच्या खान्यात बसत नाही. वही उघडून शिक्षकांच्या शेजारी बसणारा बसतो.

एक सावधगिरी इथेच सांगतो. २०१३ मध्ये जेसन ग्रिसम, सुझॅना लोब आणि बेंजामिन मास्टर यांचा एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या मायामी-डेड जिल्ह्यातल्या सुमारे शंभर मुख्याध्यापकांचा अख्खा दिवस निरीक्षकांनी सोबत राहून नोंदवला होता, तोही तीन वर्षं. शिक्षकांना मार्गदर्शन करण्यात गेलेल्या वेळेचा मुलांच्या प्रगतीशी चांगला संबंध दिसला. वर्गावर्गांतून मारलेल्या धावत्या फेऱ्यांचा उलटा. नुसत्या फेरीला शिक्षक पाहणी समजतो, आणि बहुतेक वेळा ती तशीच असते. तेव्हा ‘मी रोज राउंड मारतो’ हे वाक्य मुलाखतीत अभिमानाने सांगायच्या आधी दोनदा विचार करा.

पहिली पायरी: आपलाच तास

फोन टेबलावर ठेवून आपल्या एका तासाचं ध्वनिमुद्रण करा. फक्त आवाज, फक्त स्वतःसाठी. घरी शांतपणे ऐका आणि दोनच गोष्टी मोजा.

एक, बोलणं कुणाचं? वर्गातल्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्या नेड फ्लँडर्स यांचं नाव अध्यापक विद्यालयात सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. त्यांचा दोन तृतीयांशाचा नियम मात्र फारसा कुणी स्वतःला लावून पाहत नाही: तासातला सुमारे दोन तृतीयांश वेळ कुणी ना कुणी बोलत असतं आणि त्यातलाही दोन तृतीयांश वाटा शिक्षकाचा असतो. मी मोजलं तेव्हा माझा वाटा याहून बराच जास्त निघाला. मी स्वतःला ‘चर्चेतून शिकवणारा’ समजत होतो.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता? मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात आढळलं की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ही थांबणूक तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांबतात, ‘येत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गात उभं राहून मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजा म्हणजे ती किती लांब असतात ते कळेल.

तीन आठवडे, दर आठवड्याला एक मुद्रण. तिसऱ्या आठवड्यात थोडा फरक पडलेला असेल, थोडा पडलेला नसेल. हा अनुभव हवाच, कारण पुढे तुम्ही एखाद्या शिक्षकाला ‘हे बदला’ म्हणाल तेव्हा बदलणं किती चिवट असतं हे तुम्हाला आतून ठाऊक असेल.

दुसरी पायरी: पाहायला शिकणं

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. वर्ग पाहताना शिक्षकाचा मेंदू सतत निकाल देत असतो: छान, कंटाळवाणं, गोंधळ, उत्साही. ही विशेषणं बाजूला सारून समोर जे घडतंय तेवढंच लिहायला शिकावं लागतं. वहीच्या पानावर दोन उभ्या रेषा मारा. डाव्या रकान्यात वेळ, मधल्यात शिक्षक काय म्हणाले किंवा काय केलं, उजव्यात मुलांनी काय केलं. वाक्यं जमतील तितकी जशीच्या तशी. दर दोन-तीन मिनिटांनी वेळ टाका. वीस मिनिटं पुरे. बाहेर आल्यावर लाल पेनाने सगळी विशेषणं खोडा आणि बघा काय उरतं. माझ्या पहिल्या पानावर चार ओळी उरल्या होत्या.

दुसरी सवय: फळ्याकडे कमी, वह्यांकडे जास्त पाहा. मागच्या बाकावरून पाठमोरी मुलं दिसतात, शिकणं दिसत नाही. शिक्षकांची आधी परवानगी घेऊन एखाद्या मुलाशेजारी बसा.

सहावीच्या एका गणिताच्या तासाला मी असाच तिसऱ्या बाकावर बसलो होतो. अपूर्णांकांची बेरीज चालली होती. बाईंचं फळ्यावरचं काम देखणं, पायऱ्या स्पष्ट. ‘समजलं का?’ ‘होऽऽ.’ मग १/२ + १/३ हे उदाहरण सोडवायला दिलं. माझ्या शेजारच्या मुलाने लगेच लिहिलं २/५. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. मग त्याची नजर शेजारच्या वहीवर गेली. तिथे ५/६ होतं. त्याने खोडरबर काढलं, २/५ पुसलं, ५/६ लिहिलं आणि कागदावर पडलेले रबराचे कण फुंकरीने उडवून टाकले. अर्ध्या मिनिटात बाई आल्या, ५/६ पाहिलं, बरोबरची खूण केली, पाठीवर थाप दिली आणि पुढे गेल्या.

माझ्या जुन्या पद्धतीने या तासाला ‘उत्तम’ असा शेरा मिळाला असता. बाईंची चूकही नव्हती. वर्गात चाळीस वह्या आणि त्या एकट्या. पण तासाबद्दल बोलण्यासारखं जे काही होतं ते त्या पुसलेल्या २/५ मध्ये होतं.

हार्वर्डमध्ये रिचर्ड एल्मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गटाने वर्ग पाहण्याची जी पद्धत रुजवली, तिच्यातही हाच आग्रह आहे: आधी वर्णन, मग विश्लेषण, निर्णय सगळ्यात शेवटी. आणि मुलांना प्रत्यक्षात काय काम करायला लावलंय यावर नजर. टाचणात ‘विचारप्रवर्तक प्रश्न’ लिहिलेले असतील, पण मुलं फळ्यावरून उतरवून घेत असतील तर ती उतरवून घ्यायला शिकतायत.

तिसरी पायरी: बोलायला शिकणं

इथे बहुतेक जण घसरतात. अव्रॅहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचं जुनं संशोधन तपासलं. सरासरी परिणाम चांगला निघाला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी घसरलेली दिसली. लक्ष कामावरून उडून माणसाच्या ‘मी कसा दिसतो’ याकडे वळलं की घसरण होते, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. वर्गनिरीक्षणाला हे तंतोतंत लागू पडतं.

मॉरिस कोगन आणि रॉबर्ट गोल्डहॅमर यांची पद्धत १९६०च्या दशकातली आहे, पण मला तिच्याहून चांगली सापडलेली नाही. तासाआधी भेट, तास, नोंदींवर विचार, तासानंतर भेट. आधीची भेट दहा मिनिटांची असते आणि तीच नेमकी वगळली जाते. त्या भेटीत दोनच प्रश्न विचारा. ‘या तासाअखेर मुलांना काय यायला हवंय?’ आणि ‘मी कशावर लक्ष ठेवू म्हणजे तुम्हाला उपयोग होईल?’ दुसऱ्या प्रश्नामुळे सगळं चित्र पालटतं, कारण आता तुम्ही त्यांच्या कामाला आलेले असता.

नंतरची भेट त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी घ्या. नोंदवलेली वही मध्ये ठेवा आणि पुरावा आधी मांडा. गणिताच्या बाईंशी माझं बोलणं साधारण असं झालं:

‘बाई, तिसऱ्या बाकावर आधी २/५ आलं होतं. मग शेजारी पाहून त्याने ५/६ केलं.’

बाई जरा गप्प राहिल्या. ‘म्हणजे मी खूण केली ती...’

‘हो.’

‘असे अजून किती असतील?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते बरंच झालं. दुसऱ्या दिवशी बाईंनीच वर्गाला सांगितलं की खोडायचं नाही, चुकलेल्या उत्तरावर एक रेघ मारायची आणि खाली नवं लिहायचं. मग २/५ हे उत्तर फळ्यावर मोठं लिहून विचारलं, ‘हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? मग अर्ध्यात अजून काही मिळवल्यावर असं कसं झालं?’ ही युक्ती मला सुचली नसती.

एका भेटीत एकच मुद्दा. पाच सूचना दिल्या तर एकही अंगी लागत नाही. आणि ‘छान होतं, पण’ अशी सुरुवात टाळा. ऐकणारा ‘पण’ची वाट बघत असतो, त्याआधीचं काही त्याच्या कानात शिरत नाही. कौतुक करायचं तर तेही नेमकं करा: ‘मागच्या रांगेतल्या मुलीला तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत, तेव्हा ती पूर्ण वाक्यात बोलली.’

एक अडचण मला नेहमी विचारली जाते. वीस वर्षं ज्येष्ठ असलेल्या सरांच्या वर्गात जाऊन मी काय बोलणार? उत्तर असं की आधी जाऊच नका, त्यांना बोलवा. ‘सर, उद्या दुसऱ्या तासाला माझ्या वर्गात जरा बसाल का? मी प्रश्न विचारल्यावर किती थांबतो तेवढं मोजून सांगा.’ तुमच्या वर्गाचं दार आधी उघडलं की त्यांचं उघडायला वेळ लागत नाही. कधी कधी तरीही उघडत नाही, मग सोडून द्या. शाळेत इतर वर्ग आहेत. पद नसताना हे सोडून देता येतं, ही त्या काळातली मोठी सोय.

चौथी पायरी: चार जणांना एकत्र बसवणं

एकाला मदत करता येऊ लागली की गट हाताळा. जपानमध्ये शंभराहून जास्त वर्षं चालत आलेली पाठ-अभ्यासाची रीत आहे, १९९०च्या दशकाअखेर ती बाहेरच्या जगाच्या नजरेत भरली. एकाच विषयाचे तीन-चार शिक्षक मिळून एक पाठ आखतात. मुलं कुठे अडखळतील याचा आधीच अंदाज बांधतात. एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहतात. मग सगळे बसून पाठ दुरुस्त करतात. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे टीका कुणा एकाच्या अंगावर येत नाही. सहामाहीला असा एकच पाठ झाला तरी भरपूर.

हेही जड वाटलं तर वह्यांपासून सुरुवात करा. प्रत्येकाने एकाच प्रश्नाच्या उत्तरांच्या सहा वह्या आणायच्या: दोन चांगल्या, दोन मधल्या, दोन कच्च्या. मुलांची नावं झाकायची. चाळीस मिनिटं एकच चर्चा: या उत्तरामागे मुलाने काय विचार केला असेल? ‘मूलच तसं आहे’, ‘घरी लक्ष नाही’ ही वाक्यं त्या चाळीस मिनिटांपुरती बंद. मी एकदा हा नियम जाहीर केला आणि पहिली दहा मिनिटं खोलीत कुणी बोललंच नाही.

चाचणीचे निकालही असेच वाचा. सरासरी टक्केवारीतून शिकवण्यासारखं काही हाती लागत नाही. प्रश्नवार तक्ता करा आणि चुकलेली उत्तरं कोणती ते पाहा. ०.४५ आणि ०.६ यांत मोठा कोण, यावर बरीच मुलं ०.४५ लिहितात, कारण त्यांच्या लेखी ४५ हा ६ पेक्षा मोठा असतो. ही चूक एकसारखी आणि तर्काला धरून आहे, म्हणूनच ती दुरुस्त करता येते. ‘दशांश अपूर्णांक: ५२ टक्के’ असं लिहिलेल्या तक्त्यात ती कुठेच दिसत नाही.

असं मार्गदर्शन खरंच कामाला येतं का? मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लाझर आणि डिलन होगन यांनी २०१८ मध्ये साठ अभ्यास एकत्र तपासले. वैयक्तिक मार्गदर्शनाचा शिकवण्यावर ठळक परिणाम दिसला, मुलांच्या गुणांवर त्याहून कमी, आणि कार्यक्रम मोठ्या संख्येने शिक्षकांवर राबवला की परिणाम पातळ झाला. म्हणून चार जण. चाळीस नकोत.

पाचवी पायरी: आपल्याला न येणारा विषय

मुख्याध्यापक झाल्यावर भाषेच्या माणसाला भौतिकशास्त्राचा तास पाहावा लागतो. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की विषय येणं वेगळं आणि तो विषय मुलांना कसा कळतो, कुठे अडतो हे ठाऊक असणं वेगळं. दुसरं ज्ञान तुम्ही त्या शिक्षकांकडूनच घेऊ शकता. ‘या धड्यात मुलं हमखास कुठे चुकतात?’ एवढं विचारा आणि लिहून घ्या. दर महिन्याला एक परका विषय असा घेतलात तर दोन वर्षांत तुमच्याकडे एक वही तयार होईल, जी पुढे कोणत्याही परिपत्रकापेक्षा जास्त वेळा उघडाल. एखाद्या शिक्षकाला या प्रश्नाचं उत्तरच देता आलं नाही, तर तीही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

सहावी पायरी: प्रशासनाची कामं वर्गाच्या नजरेने

आता दप्तराकडे वळू. सध्याच्या मुख्याध्यापकांकडे जाऊन एक काम मागून घ्या: वेळापत्रक. सहसा ते आनंदाने देतात, कारण ते कुणालाच नको असतं. पण एका विषयाच्या शिक्षकांना आठवड्यात एक सामाईक मोकळी तासिका मिळाली नाही तर चौथी पायरी कागदावरच राहते. कच्च्या वर्गाचं गणित रोज शेवटच्या तासाला पडतंय का, नवख्या शिक्षकाच्या वाट्याला सगळे अवघड वर्ग आलेत का, बदली तासिका कुणाच्या डोक्यावर जातात, हे सगळं त्या एका तक्त्यात ठरतं.

आणखी एक गंमत करून पाहा. आठवडाभर नोंद ठेवा की चालू तासात वर्गाचं दार कितीदा उघडलं: सूचना, सही, फॉर्म, ‘सर, ऑफिसात बोलावलंय’. प्रत्येक वेळी वर्ग पुन्हा जागेवर यायला लागलेला वेळही लिहा. बेरीज मुख्याध्यापकांसमोर ठेवा, आरोप न करता. सूचनांसाठी दिवसातली एक ठरावीक वेळ नेमली गेली तर तुम्ही एक पैसा खर्च न करता शाळेचा अध्यापनाचा वेळ वाढवलात. मुलाखतीत सांगण्यासारखं काम आहे हे, आणि पुराव्यासकट.

बैठकांचंही तसंच. जे वाचून कळतं ते कागदावर द्या आणि वाचलेला वेळ वह्यांच्या चर्चेला. माझा यात जेमतेम अर्ध्या यशाचा अनुभव आहे; लोकांना सूचना तोंडी ऐकायची सवय असते आणि कागद कुणी वाचत नाही.

खुर्ची मिळाल्यावरचे पहिले आठवडे

पद आलं की एक गोष्ट रातोरात बदलते. कालपर्यंत सहकारी म्हणून केलेली सूचना आता वार्षिक मूल्यमापनाची सावली घेऊन येते. त्यामुळे वर्गात कशासाठी येताय ते आधीच सांगा. मदतीची भेट आणि मूल्यमापनाची भेट वेगळ्या दिवशी, वेगळ्या वहीत. मदतीच्या भेटीतली नोंद शिक्षकांच्या हाती द्या, फाइलला लावू नका. एकदा जरी ती फाइलमध्ये सापडली, तर पुढची दोन वर्षं तुम्हाला फक्त सजवलेले तास पाहायला मिळतील.

पहिल्याच सोमवारी वेळापत्रकात स्वतःच्या नावाने दोन तासिका टाका, लिपिकाला दाखवा आणि दारावर लावा. त्या वेळेत कुणी भेटायला आलं तर बाहेर बसवायचं आणि सांगायचं की मुख्याध्यापक वर्गात आहेत, चाळीस मिनिटांनी येतील. पहिल्या तीन आठवड्यांत हे दोन-चार वेळा मोडेल. तेव्हा त्याच आठवड्यात दुसरी तासिका शोधून काढा आणि ज्या शिक्षकांना येतो म्हणाला होतात, त्यांना निरोप न धाडता स्वतः जाऊन नवी वेळ सांगा.